सावरीच्या दिवसांतली लपाछापी

आज सकाळी बस स्टॉपवर उभी होते, तर कापसाचा एक पुंजका तरंगत आला आणि माझ्या ओढणीला चिकटला. शेजारी उभ्या असलेल्या बाईने तो झटकायला हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे हो." ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय सांगणार, की मी या पुंजक्याची वर्षभर वाट बघते!

एप्रिल सरत आला की काटेसावरी फुटतात. झाडावर लालभडक फुलं असतात तेव्हा सगळे माना वर करकरून बघतात, फोटो काढतात. पुढे बोंडं वाळून तडकतात, कापूस उडायला लागतो, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटतो, नाकात जातो, आणि तेच लोक झाडाला शिव्या घालतात. मला सावर तेव्हाच खरी आवडते. उडणारा कापूस बघितला की मला गिरणीतून घरी येणारे दादा दिसतात. दादा म्हणजे माझे वडील. ते फोल्डिंग खात्यात, तयार ताग्यांवर गिरणीची छाप मारायचे, त्यामुळे त्यांच्या अंगावर कापूस तसा बेताचाच. पण आमच्या शेजारचे बाळाकाका साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर. सकाळी काळ्या केसांचा माणूस पाळीवर जायचा आणि दुपारी पांढऱ्या भुवयांचा म्हातारा होऊन परत यायचा. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. काका गॅलरीत उभे राहून टॉवेल झटकायचे आणि मी तो कापूस पकडायला धावायची.

कापूस उडायला लागला की मला चार वर्षांपूर्वीचे सावरीचे दिवस आठवतात. ते दिवस एका बागेतले आहेत. बागेचं नाव सांगणार नाही. नायगावहून एक बस बदलून जावं लागतं, आत एक तळं आहे, तळ्याच्या कडेने झाडीतून जाणारी पायवाट आहे, एवढंच सांगते. नाव न सांगण्यामागे कारण आहे, आणि ते कारण अजूनही त्या वाटेवर एका मुळाखाली बसलेलं आहे.

दादा आणि बाळाकाका एकाच चाळीत, एकाच मजल्यावर जन्मलेले. आम्ही बौद्ध, काकांचं घराणं मूळचं मालवणचं. आमच्या घरातून विहारात खीर जायची तेव्हा एक वाटी काकांकडे, त्यांच्याकडे गणपती असले की मोदकांचं ताट आमच्याकडे. पण दोघांची दोस्ती या ताटवाट्यांच्याही आधीची. ती चाळीच्या आवारातल्या डबा ऐसपैसमधून आलेली. वनस्पती तुपाचा रिकामा डबा मध्ये ठेवायचा, ज्याच्यावर राज्य त्याने डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायचं, मग लपलेल्यांना शोधायचं आणि दिसेल त्याचं नाव घेऊन डबा वाजवायचा. त्याच्या आधीच कुणी मागून येऊन पाठीत धप्पा घातला, की राज्य पुन्हा त्याच्याचवर. हे सगळं मी दोघांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी स्वतःच खेळल्यासारखं वाटतं. त्यातलं एक भांडण तर साठ वर्षं चाललं. काकांचं म्हणणं, दादा मोजताना आकडे खायचे. "सत्तरपर्यंत नीट मोजता, आणि मगे एकदम शंभर!" काका सांगायचे. दादा म्हणायचे, "तू बहिरा, तुला मधले ऐकू आले नसतील." साच्यांच्या आवाजाने काकांचे कान खरंच गेले होते, पण ते पुढे. लहानपणी ते ठणठणीत होते आणि दादा आकडे खायचे, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

अशा दोन माणसांचं बोलणं एका शब्दाने बंद झालं.

चाळीच्या पुनर्विकासाची सभा होती. करारावर सह्या करायच्या की अडून बसायचं, यावरून सगळ्या मजल्यांवर दोन तट पडले होते. काका अडून बसणाऱ्यांचे पुढारी. आणि दादांनी त्याच सकाळी गुपचूप सही करून टाकली होती. सभेत ते कळलं. काका उभे राहिले आणि आपल्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "फुटलंस! संपात फुटलंस नाय, आणि आता फुटलंस!"

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण गिरणीच्या संपातून गेलेल्या माणसाला आईवरून शिवी दिलेली चालेल, हा शब्द चालत नाही. संपात दोन्ही घरांतली भांडीकुंडी गेली, काकांची मुलं वर्षभर गावाला राहिली, दादांनी दादरला फुटपाथवर कंगवे विकले, पण दोघांपैकी एकही गिरणीची पायरी चढला नाही. त्या माणसाला भर सभेत "फुटलास". दादा उठले, चपला घातल्या आणि घरी आले.

सही त्यांनी आईसाठी केली होती. आईचे गुडघे गेले होते आणि संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. घरात संडास असलेली जागा लवकर मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं. हे ते सभेत बोलले नाहीत, नंतरही नाही. चाळ रिकामी झाली, आम्ही संक्रमण शिबिरात गेलो. घरात संडास असलेल्या त्या खोलीत आई जेमतेम पाच महिने राहिली. काका बिल्डरकडून भाडं घेऊन मुलाबरोबर लालबागला गेले. आई गेली तेव्हा काका आले, दाराशी उभे राहिले, हात जोडले आणि न बोलता निघून गेले. दादांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर दोन वर्षं दादा खिडकीत बसून होते. चाळीत आमची दारं दिवसभर उघडी असायची. कोण रुसलंय, कोणाकडे पापलेट आणलंय, कोणाचा पोरगा नापास झालाय, सगळं सगळ्यांना दिसायचं. तेव्हा मला त्याचा संताप यायचा. कॉलेजात असताना मी प्रेमपत्रसुद्धा संडासाच्या रांगेत उभी राहून वाचलंय. शिबिरात मात्र सगळी दारं बंद. लपायला इतकी जागा मिळाली, आणि शोधायला कुणी येईना. दादांचं बोलणं "हो", "नको" आणि "पंखा कमी कर" यावर आलं. मला त्यांची भीती वाटायला लागली. माणूस असा बसल्या बसल्या विझतो, हे मी ऑफिसातल्या दोघीतिघींकडून ऐकलं होतं.

म्हणून त्या एप्रिलात मी दर रविवारी त्यांना ओढून बागेत न्यायला लागले. ओढून म्हणजे अक्षरशः. "माझी शुगर वाढलीय, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, एकटीला भीती वाटते," अशा थापा मारून. तळ्याकडेची वाट मला आवडायची. पायाखाली करंजाची वाळकी पानं चुरचुरायची, पाण्याच्या काठाला एक ढोकरी बगळ्यासारखी मान आखडून बसलेली असायची, मध्येच खंड्या निळा चमकून जायचा. आणि वरून सावरीचा कापूस पाण्यावर उतरायचा. दादा खाली मान घालून चालायचे. त्यामुळेच ती डबी त्यांना आधी दिसली.

सावरीच्या जवळ एका जुन्या झाडाच्या मुळाखाली, दोन दगडांच्या आड, हिरव्या झाकणाची प्लास्टिकची डबी. दादांनी वाकून हात घातला आणि मी किंचाळले, "दादा, हात नका लावू!" मुंबईत जन्म गेला आमचा. स्टेशनात, बसमध्ये, थिएटरात 'बेवारस वस्तूला हात लावू नका' हे ऐकत मोठे झालो आम्ही. मी दादांना दंडाला धरून वीस पावलं मागे ओढलं आणि वॉचमनला हाका मारायला लागले. दोन जॉगिंगवाले थांबले. एक आजी छोट्या नातवाला उचलून पळाल्या.

वॉचमन काठी टेकत सावकाश आला. "मॅडम, वरडू नका. ती खेळाची डबी हाय," तो म्हणाला. "एक बाई ठिवून गेल्यात. सायबांची परवानगी घिऊन. उघडून बगा की."

डबीत एक वही होती, एक रबरी शिक्का, शाईचं पॅड आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत मराठीत लिहिलं होतं: तुम्हाला ही डबी सापडली, अभिनंदन. आमचा शिक्का तुमच्या वहीत मारून घ्या, तुमचा स्वतःच्या हाताने कोरलेला शिक्का आमच्या वहीत मारा, नाव लिहायची गरज नाही. डबी होती तशी लपवून ठेवा आणि जागा कुणाला उघड सांगू नका. हा खेळ जगभर खेळतात म्हणे. माग काढत जायचं, डबी शोधायची, छाप मारून यायचं. वहीत सात-आठ छापा होत्या: एक मोर, एक रिक्षा, एक वडापाव. खाली तारखा.

"लपाछपीच की," मी म्हटलं.

"लपाछापी," दादा म्हणाले.

दोन वर्षांत त्यांनी केलेला पहिला विनोद. मी पाठ फिरवून डोळे पुसले आणि कापूस गेला म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी जुनी रबरी स्लिपर मागितली. तिचा तळवा कापला, पेन्सिलीने काहीतरी काढलं आणि ब्लेडने कोरायला बसले. गिरणीत छाप मारून मारून त्यांना अक्षरं उलटी वाचायची इतकी सवय होती की माझ्या लहानपणी ते पेपर आरशात धरून वाचून दाखवायचे आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. छाप सुलटी उमटायला ठसा उलटा कोरावा लागतो. उजवीकडचं डावीकडे जातं. ते मला समजावत होते, भराभर बोलत होते, आणि मी पोळ्या करपवत ऐकत होते. तीन दिवसांनी ठसा झाला. त्यांनी तो आधी माझ्या वाणसामानाच्या यादीवर मारून बघितला. एक डबा उमटला. तुपाचा, गोल, डाव्या बाजूला पोचा पडलेला.

तो पोचा मी कधी बघितला नव्हता, तरी ओळखला. लहानपणीच्या खेळात बाळाकाकांनी लाथ मारून डबा पाइपावर आपटला होता तेव्हाचा तो. मी दादांना काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही डबी उघडली आणि दादांनी वहीत डबा छापला. नाव लिहिलं नाही.

आता माझा गुन्हा कबूल करते. जागा कुणाला सांगू नका असं चिठ्ठीत लिहिलं होतं, आणि मी त्याच संध्याकाळी काकांच्या सुनेला, सुनंदावहिनीला, फोन करून सांगितली. आईच्या गुडघ्यांचं कारणही सांगितलं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमचा म्हातारा पण तसाच गो. दिवसभर टीव्ही लावून बसतो, आवाज बंद करून. मी बघते काय जमतं ते."

तीन रविवार काही झालं नाही. दादा दर वेळी वही उघडायचे, पानं उलटायचे, आपला डबा बघायचे आणि मिटायचे. चेहऱ्यावर काही नाही. पण परतीच्या वाटेवर त्यांचं चालणं जड व्हायचं. मला माझा आगाऊपणा नडला असं वाटायला लागलं. विझणाऱ्या माणसाला आशा लावायची आणि मग ती खोटी ठरवायची, याच्याइतकं वाईट काही नसतं. चौथ्या रविवारी मी म्हटलंसुद्धा, "आज राहू दे का?" दादा चपला घालून दारात उभे होते.

त्या दिवशी वहीत दादांच्या डब्याच्या अगदी खाली एक नवी छाप होती. मला वाटलं कुणीतरी वेलबुट्टी काढलीय. वाकडी, ओबडधोबड, काही अर्थ लागेना. मी पान उलटणार, तेवढ्यात दादांनी माझा हात धरला. ज्याने कधी ठसा कोरला नाही अशा माणसाने तो सरळ कोरला होता, त्यामुळे छाप उलटी उमटली होती. मला ती नक्षी वाटली. दादांनी ती एका नजरेत वाचली.

"धप्पा," ते म्हणाले.

मग त्यांनी अंगठा अक्षरांवरून फिरवला. अंगठ्याला शाई लागली. ओली होती.

मी त्यानंतर जे बघितलं ते मला आयुष्यभर पुरेल. माझे पंचाहत्तर वर्षांचे वडील, दोन वर्षं खिडकीत बसलेले, डबी हातात घेऊन झाडाझाडांमागे डोकावत निघाले. बांबूच्या बेटामागे बघितलं. माळ्याच्या टपरीमागे बघितलं. आणि मग थांबले. सावरीच्या खोडाआडून पांढऱ्या लेंग्याचा एक पाय दिसत होता. सावरीला काटे, त्यामुळे लपणाऱ्याला टेकता येत नव्हतं; बिचारा खोडापासून वीतभर अंतर राखून ताठ उभा होता.

दादांनी डबीवर हात आपटला आणि ओरडले, "बाळ्या ऐसपैस!"

पाय हलला नाही. ऐकू कुठे येत होतं! दादा पुन्हा ओरडले, अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असे. ढोकरी उडाली. काका बाहेर आले. डोक्यावर, भुवयांवर सगळा कापूस.

"बोंबलतंस कित्याक? बहिरो आसंय, पण इतको नाय," काका म्हणाले.

मग दोघं समोरासमोर आले. मी आणि काकांना घेऊन आलेली, पलीकडच्या बाकावरची वहिनी बघत होतो. काकांनी वर बघितलं, बोटाने दाखवलं. "ह्या झाडपण फुटला बघ," ते म्हणाले. मग म्हणाले, "फुटल्याशिवाय कापूस खंयसून येतलो?"

साठ वर्षांत काकांनी कुणाची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. ती हीच होती.

"तिच्या गुडघ्यांसाठी रे," दादा म्हणाले.

"म्हायत आसा. सुनंदान सांगल्यान. तेव्हाच सांगूक काय झाला होता?"

"भर सभेत काय सांगू? माझ्या बायकोला संडासापर्यंत चालवत नाही म्हणून?"

काकांनी मान खाली घातली. मग पुढे येऊन त्यांनी दादांच्या पाठीत हात मारला, खरोखरचा, चांगला जोरात. दादा खोकले. वहिनी धावली. दोघं म्हातारे हसत होते, रडतही होते, आणि कापूस उडत होता.

पुढची तीन वर्षं त्यांचा हा उद्योग चालला. एक रविवारी येऊन डबा छापायचा, दुसरा मधल्या वारी येऊन त्याखाली धप्पा. भेटायचे ते वेगळंच; भेटून भांडायचे, की डबीचं झाकण नीट कोण लावत नाही. काकांचा ठसा उलटाच राहिला. दादा म्हणाले, "आण, सुलटा कोरून देतो." काका म्हणाले, "तुका वाचूक येता मा? मग झाला." खरंच होतं ते. वहीत बाकी लोकांनी त्या छापेखाली काय काय लिहिलं होतं: छान नक्षी, सुंदर वेल, चिनी आहे का. इतकं उघड्यावर ठेवलेलं आणि इतकं दोघांपुरतं मी दुसरं काही बघितलेलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि बाळाकाका गेले. चार दिवसांचा ताप. दादा लालबागला गेले, काकांचे पाय धरून बसले, घरी आले. रडले नाहीत. पण त्यानंतर बागेत आले नाहीत. मी चारदा विचारलं, चारदा "नको." त्या "नको"ची मला पुन्हा तीच जुनी धास्ती बसली.

आज बस स्टॉपवरून मी ऑफिसला गेलेच नाही. बागेत गेले. पाण्यावर पांढरी साय धरली होती. डबी तिथेच होती. वही आता तिसरी, पण काकांचा शेवटचा धप्पा तीतच आहे, आणि त्याच्या खाली दादांचा डबा नाही. पिशवीत दादांचा स्लिपरचा ठसा होता; त्यांना न विचारता मी तो आठवडाभर बरोबर वागवत होते. शाईवर दाबला, वहीजवळ नेला, आणि हात थांबला. ती छाप मारायचा हक्क माझा नव्हता. ठसा पुसला, डबी लपवली, घरी आले.

दादा खिडकीत होते. खिडकीतून आमच्या चाळीच्या जागी उभी राहणारी इमारत दिसते. माझ्या ओढणीकडे बघून म्हणाले, "सावर फुटली वाटतं."

"फुटली," मी म्हटलं. मग धीर करून बोलले. "दादा, शेवटची छाप काकांची आहे. खाली तुमचा डबा नाही. येत्या रविवारी चला ना."

"येईन की. बघायला येईन," ते म्हणाले. "पण छाप नाही मारायची. धप्पा त्याचा पडलाय, म्हणजे राज्य माझ्यावर. मला त्याला शोधायला जायचंय."

त्यांनी माझ्या ओढणीवरचा पुंजका अलगद उचलला, फुंकर मारून खिडकीबाहेर सोडला, आणि तो कुठे जातो ते बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. चांगले मिश्कील हसत होते.

"तोंड पाडू नकोस. इतक्यात नाही जात. आधी शंभर मोजायचे असतात. एकोणऐंशी झालेत," दादा म्हणाले. "आणि या वेळी एकही आकडा खाणार नाही."